कुपीतल्या जंतूची कुळकथा

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून तळवलीत शिरलं की गावठाणाच्या अरुंद गल्ल्या आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती एकमेकांत मिसळून गेलेल्या दिसतात. इथल्या कुठल्याही मेडिकलमध्ये एक वस्तू हमखास मिळते: बोटाएवढी प्लॅस्टिकची कुपी. आधी हलवून घ्यायची, मग मान पिरगाळून तोडायची आणि आतलं गढूळसर पाणी पोराच्या तोंडात सोडायचं. चव नाही, वास नाही. पाच मिलिलिटरमध्ये दोन अब्ज जिवाणू, तेही बीजाणूंच्या रूपात, म्हणजे कवच पांघरून झोपलेले. एन्टरोजर्मिना या नावानं ती घराघरात ठाऊक आहे. जिवाणूचं नाव बॅसिलस क्लॉसी.

हल्ली अशा कुप्या आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सुली मोठ्या माणसांसाठीही मागितल्या जातात. घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालेला असतो, केमो सुरू झालेली असते, आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं असतं की पोटातले चांगले जंतू कॅन्सरशी लढणाऱ्या पेशींना बळ देतात. या मजकुराच्या मुळाशी खरं संशोधन आहे. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही, आणि म्हणूनच त्यातलं किती सिद्ध झालं आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. जिवाणूंच्या मदतीनं शरीराची प्रतिकारशक्ती जागी करता येते, ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. तिच्या वाटेवरचे काही महत्त्वाचे टप्पे मुंबईत आणि महाराष्ट्रात घडले. एवढ्या काळात ती फळाला आली ती तिथेच, जिथे कुणीतरी एक ठरावीक जिवाणू, एक ठरावीक रोग आणि चोख मोजणी या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची मोजणी अजून चालू आहे, आणि त्या हिशेबात आपल्या माणसांची पोटं असलीच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात इल्या मेचनिकॉफपासून करायला हवी. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातला आहे. परक्याला गिळणाऱ्या या भक्षकपेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा एक पाया. त्यासाठी १९०८ साली त्यांना पॉल एर्लिखसोबत नोबेल मिळालं. उतारवयात याच माणसाच्या मनात आंबट दुधानं घर केलं. बल्गेरियन विद्यार्थी स्टॅमेन ग्रिगोरोव्ह यानं १९०५ साली तिथल्या दह्यातला जिवाणू ओळखला होता. हा जिवाणू आतड्यातल्या सडवणाऱ्या जंतूंना रोखतो आणि आयुष्य वाढवतो, असं मेचनिकॉफ सांगू लागले. युरोपात दह्याच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. १९२०च्या दशकात अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा कळलं की तो जिवाणू माणसाच्या आतड्यात टिकूनच राहत नाही. प्रतिकारशक्ती आणि पोटातले जंतू, हे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातात होते. एक मोजून सिद्ध झालेला, दुसरा विश्वासावर तरलेला. आजचा गोंधळ तिथूनच चालत आला आहे.

या मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. गुरूपाठोपाठ तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तिथे ग्रंथालयात काम करता करता कॉलऱ्याची लस तयार केली, आणि १८९३ साली भारतात आला. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग फुटला. तो प्रथम ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत पोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. प्लेगचे जंतू वाढवायला त्यांनी रश्श्याच्या बाटलीत वरून तूप सोडलं, आपल्या घरात असतं तेच तूप. तुपाच्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून चुनखडीच्या कांड्या लोंबाव्यात तसे. बाटली हलवली की ते तळाशी जायचे आणि वर नवे धरायचे. मग उष्णतेनं जंतू मारायचे आणि तीच लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. मेलेल्या जंतूकडून जिवंत शरीराला धडा शिकवायचा, हा प्रकार मुंबईनं इतक्या आधी आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहिला.

त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली हा तरुण शल्यविशारद सार्कोमानं गेलेल्या एका तरुणीच्या मृत्यूनं हादरला होता. जुने कागद चाळताना त्याला एक रुग्ण सापडला, ज्याची गाठ धावरं झाल्यावर, म्हणजे त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाल्यावर, विरून गेली होती. १८९१ साली त्यानं कॅन्सरच्या रुग्णाला मुद्दाम तेच जंतू टोचले. काही गाठी खरोखर गेल्या, काही रुग्ण संसर्गानं दगावले, आणि नोंदी इतक्या विस्कळीत राहिल्या की वैद्यकानं त्याच्याकडे पाठ फिरवली. पुढे १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची लस बीसीजी मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये थेट मूत्राशयात सोडून दाखवली. तो उपचार आजही नेहमीचा आहे. ठरावीक जिवाणू, ठरावीक जागा, ठरावीक डोस. कोलीला जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण इथे मोजणी होती.

आता पुन्हा परळ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं आणि प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत खानोलकरांकडे आली. १९५२ साली त्यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. तिथे पुण्याच्या कमल रणदिवे काम करत होत्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी., मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी बाटलीत वाढवण्याचं शिक्षण, आणि परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा. १९५८ साली या केंद्रात कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जिवाणू वेगळा काढण्यात आला. आयसीआरसी बॅसिलस हे त्याचं नाव, संस्थेच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. कुष्ठरोगाच्या सर्वांत वाईट प्रकारात शरीर जंतूला ओळखायचंच नाकारतं. कातडीखाली अब्जावधी जंतू असतात आणि प्रतिकारशक्ती गप्प बसलेली असते. डॉ. माधव देव यांच्या पुढाकारानं १९७९ साली या जिवाणूपासून लस तयार झाली. किरणोत्सर्गानं मारलेले जंतू टोचले की त्या गप्प शरीरांपैकी बऱ्याच जणांत प्रतिसाद उमटू लागला. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली डॉ. मोहन गुप्ते आणि सहकाऱ्यांनी मांडले, तेव्हा या लसीचं संरक्षण ६५.५ टक्के निघालं, एकट्या बीसीजीचं ३४.१ टक्के.

कॅन्सरच्या लेखात कुष्ठरोग इतका वेळ का, असं कुणी विचारेल. स्वादुपिंडाचा कॅन्सर नेमका हेच करतो: प्रतिकारशक्तीला गप्प बसवतो. आणि जे कोडं परळच्या एका कॅन्सर संस्थेतल्या मराठी माणसांनी जिवाणू हाताशी धरून सोडवायला घेतलं, तेच आज ह्यूस्टन, टोरोंटो आणि हॅम्बर्गमध्ये वेगळ्या रोगासाठी सोडवलं जात आहे. आपण ही परंपरा विसरलो आहोत, याचं मला वाईट वाटतं. कमल रणदिव्यांनी १९७३ साली सहकारी महिलांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिची इमारत वाशीत आहे, तळवलीपासून काही किलोमीटरवर. तिच्यासमोरून रोज किती माणसं जात असतील.

स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे आडवं असतं. गाठ वाढते तेव्हा बराच काळ काही दुखत नाही. कावीळ होते, वजन उतरतं, पाठ धरते, तोवर उशीर झालेला असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण पाचात एक किंवा त्याहून कमी. २०२२ साली जगात सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण आणि ४ लाख ६७ हजार मृत्यू, असा अंदाज आहे. हे दोन आकडे इतके जवळ असणं हीच या रोगाची ओळख. भारतात तो पाश्चात्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो. तरी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांना १७ मार्च २०१९ रोजी या रोगानं नेलं तेव्हा गोव्यात आणि महाराष्ट्रात स्वादुपिंड हा शब्द पहिल्यांदाच घरोघरी बोलला गेला. त्याआधी २०११ साली राल्फ स्टाइनमन. प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींचा शोध त्यांचा. २००७ साली त्यांना हाच कॅन्सर निघाला. त्यांनी आपल्याच शोधावर आधारलेल्या लशी स्वतःवर वापरल्या, साडेचार वर्षं काढली, आणि नोबेल जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी गेले. लशींमुळे किती दिवस मिळाले, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि ते त्यांच्याइतकं कुणाला समजलं असतं!

ही गाठ इतकी चिवट का? ती स्वतःभोवती तंतूंची जाड भिंत उभारते. आत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे मारेकरी सैनिक, फार थोडे पोचतात. आणि जे पोचतात त्यांना गाठीतल्याच फितूर भक्षकपेशी थोपवतात. मेचनिकॉफनं काट्याभोवती गराडा घालताना पाहिलेल्या पेशींच्याच या नातलग. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ साली ज्या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराच्या, शोधासाठी नोबेल मिळालं, तिनं त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चित्र पालटलं. स्वादुपिंडात, शंभरात एखादा रुग्ण सोडला, तर तिचा जवळजवळ उपयोग होत नाही.

आणि या भिंतीच्या आत जिवाणू सापडले. २०१७ साली इस्राएलमधल्या रविद स्ट्राउसमन यांच्या गटानं ११३ गाठी तपासल्या. ८६ गाठींत जिवाणूंच्या खुणा होत्या. लहान आतड्यातून स्वादुपिंडाच्या नळीवाटे ते वर चढत असावेत. त्यातल्या काहींकडे असं विकर आहे, जे जेमसायटाबिन हे नेहमीचं केमोचं औषधच मोडून टाकतं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांमधले हे जिवाणू प्रतिजैविकांनी मारले की गाठीतली प्रतिकारशक्ती जागी होते आणि इम्युनोथेरपीही काम करू लागते. म्हणजे पहिला धडा असा की गाठीतले जंतू शत्रूच्या बाजूचे.

२०१९ साली ह्यूस्टनच्या फ्लोरेन्सिया मॅकॲलिस्टर यांच्या गटानं दुसरी बाजू दाखवली. त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ६८ रुग्णांच्या गाठी पाहिल्या: पाच वर्षांहून जास्त जगलेले एका बाजूला, लवकर गेलेले दुसऱ्या बाजूला. जगलेल्यांच्या गाठीत जिवाणूंची विविधता जास्त आणि टी-पेशीही जास्त. मग माणसांची विष्ठा उंदरांच्या आतड्यात सोडली. दीर्घकाळ जगलेल्यांची विष्ठा मिळालेल्या उंदरांत गाठी हळू वाढल्या. त्या उंदरांच्या टी-पेशी काढून टाकल्यावर हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे जिवाणू जे काही करत होते ते प्रतिकारशक्तीच्या हातून. जगलेल्यांच्या गाठीत चार प्रकार ठळक दिसले. सूडोझँथोमोनास, सॅकॅरोपॉलिस्पोरा, स्ट्रेप्टोमायसिस, आणि चौथा बॅसिलस क्लॉसी.

हो, तळवलीच्या मेडिकलमधल्या कुपीतला.

या जिवाणूची नावं बदलत गेली आहेत. इटलीत तो बॅसिलस सबटिलिस म्हणून बाटलीत भरला गेला. १९९५ साली जर्मन शास्त्रज्ञ डीटर क्लाउस यांच्या नावावरून क्लॉसी झाला. २०२१ साली पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रातल्या संशोधकांनी बुलढाण्याच्या लोणार सरोवरात सापडलेल्या एका नव्या जिवाणूचा अभ्यास करताना त्याच्या सगळ्या भाऊबंदांची जनुकं तपासली. उल्कापातानं झालेलं हे विवर, साबणासारखं अल्कधर्मी पाणी. तिथे तगणारे जिवाणू वेगळ्याच घडणीचे. या अभ्यासातून एक जुना वंश मोडून सात नवे झाले, आणि क्लॉसी ज्या वंशात गेला त्याला नाव मिळालं शौचेला, पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ. शास्त्रीय दप्तरात आता तो शौचेला क्लॉसी आहे. भारतीयांच्या पोटातल्या जिवाणूंची नोंद ठेवण्यासाठी पुण्यात ज्यांनी वर्षानुवर्षं काम उभं केलं, त्यांचं नाव या जंतूला लागावं, हे मला फार समर्पक वाटतं.

पण इथे थांबून सांगायला हवं. त्या ६८ गाठींत क्लॉसीचा फक्त जनुकीय ठसा सापडला. त्या रुग्णांनी कुप्या प्यायल्या होत्या असं नाही. तोंडानं घेतलेले बीजाणू गाठीपर्यंत पोचतात, तिथे जागे होतात, टी-पेशींना हाक मारतात, यातलं काहीही माणसांत दाखवलेलं नाही. शिवाय गाठीत जिवाणू इतके थोडे असतात की प्रयोगशाळेतल्या हवेतले, रसायनांतले जंतूही मोजणीत घुसतात. कॅन्सरच्या गाठींतल्या जिवाणूंबद्दलचा, २०२० साली ‘नेचर’मध्ये गाजलेला एक मोठा शोधनिबंध २०२४ साली मागे घ्यावा लागला, कारण आकडेमोडीतच चूक होती. ज्या शास्त्रात पाया असा हलतो, तिथे काउंटरवरून विकत आणलेल्या कुपीकडून काय अपेक्षा करायची?

आणि चांगला जंतू म्हणजे तरी कोण? लॅक्टोबॅसिलस हे प्रोबायोटिकमधलं सर्वांत लाडकं नाव. आपल्या विरजणातही त्याचेच गणगोत. २०२२ साली टोरोंटोच्या गटानं उंदरांत पाहिलं की लॅक्टोबॅसिलस अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल जातीची द्रव्यं बनवतात, आणि ती द्रव्यं स्वादुपिंडाच्या गाठीतल्या भक्षकपेशींना आणखी फितूर करतात. हे जंतू हटवले किंवा ट्रिप्टोफॅन कमी केलं की टी-पेशी आत येऊ लागल्या. पुढच्याच वर्षी हॅम्बर्गच्या गटानं ‘नेचर’मध्ये उलट दिसणारी गोष्ट मांडली: केमोला चांगला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांच्या रक्तात ट्रिप्टोफॅनपासूनच जिवाणूंनी बनवलेलं एक वेगळं द्रव्य जास्त होतं, आणि ते उंदरांना दिलं की केमो अधिक परिणामकारक ठरली. कच्चा माल तोच, कारागीर वेगळे, परिणाम विरुद्ध. तूरडाळीत ट्रिप्टोफॅन असतं, दुधात असतं, अंड्यात असतं. यावरून रुग्णाच्या ताटातून काय काढायचं आणि काय वाढायचं हे आज कुणीही सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून लांब राहावं.

मासळीचंच घ्या. तळवलीच्या आगरी-कोळी घरांत बोंबील, जवळा, कोलंबी ही रोजच्या जेवणाची बाब. मासळी शिळी झाली की जो उग्र वास सुटतो तो ट्रायमिथिलअमीनचा. समुद्राच्या मासळीत असलेलं ट्रायमिथिलअमीन-एन-ऑक्साइड जिवाणू मोडतात तेव्हा तो येतो. आपल्या आतड्यातले जंतूही मांस-अंड्यांमधल्या द्रव्यांपासून ट्रायमिथिलअमीन बनवतात आणि यकृत त्याचं ऑक्साइड करतं. हृदयविकाराशी त्याचं नातं जोडलं गेल्यानं ते बदनाम आहे. २०२२ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये राहुल शिंदे यांच्या प्रयोगशाळेनं, गौरी मिरजी प्रथम लेखिका असलेल्या अभ्यासात, हेच द्रव्य स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना दिलं. फितूर भक्षकपेशी पुन्हा लढू लागल्या, टी-पेशी चेतल्या, इम्युनोथेरपीची साथ मिळाल्यावर गाठी आणखी आटोक्यात आल्या. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाला सुकट भरवायची का? नाही. पण हृदयाला घातक समजलेलं द्रव्य स्वादुपिंडात मित्र ठरू शकतं, एवढं कळल्यावर जंतूंची चांगले आणि वाईट अशी सरळ वाटणी करणं आपण सोडायला हवं.

इम्युनोथेरपी जिथे चालते तिथला अनुभवही सावध करणारा आहे. २०२१ साली त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरच्या रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, आहारात रोज तंतुमय अन्न जास्त घेणाऱ्यांची स्थिती चांगली राहिली. दर ५ ग्रॅम वाढीमागे रोग बळावण्याचा वा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला. दुकानातल्या प्रोबायोटिकचा रुग्णांना ठोस फायदा आढळला नाही, आणि उंदरांत तर त्यांनी उपचाराचा परिणाम मंदावला. बाजारातले मोजके जंतू मोठ्या संख्येनं आत सोडले की मूळच्या विविधतेला जागा उरत नाही, असा एक कयास आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांना पेटंट नसतं, त्यामुळे त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

सर्वांत मोठा इशारा मात्र स्वादुपिंडाच्याच दुसऱ्या एका आजारातून आलेला आहे. स्वादुपिंडाला तीव्र सूज येते तेव्हा आतड्यातले जंतू रक्तात शिरून रुग्ण दगावतात. चांगले जंतू आधीच आतड्यात भरले तर वाईटांना वाव राहणार नाही, हा विचार अगदी पटण्यासारखा होता. नेदरलँड्समधल्या १५ रुग्णालयांनी सहा जातींचं प्रोबायोटिक मिश्रण गंभीर रुग्णांना नळीवाटे दिलं. तुलनेसाठी निम्म्यांना तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं मिश्रण. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. प्रोबायोटिक मिळालेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले. दुसऱ्या गटातल्या १४४ जणांपैकी ९. प्रोबायोटिक गटातल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. डॉक्टर नामवंत होते, हेतू निर्मळ होता, आणि जंतू तेच, जे निरोगी माणूस बिनधास्त खातो. ही चाचणी झाली नसती, तर ते मिश्रण जगभर दिलं गेलं असतं आणि माणसं कशानं गेली हे कधी कळलंही नसतं.

म्हणून केमो चालू असलेल्या माणसाला कुपी किंवा कॅप्सूल देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारायचं. पांढऱ्या पेशी खाली आलेल्या रुग्णांच्या रक्तात प्रोबायोटिकमधलेच जिवाणू सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डॉक्टरांना विचारायची आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक घरांत राहून जाते. स्वादुपिंडाचा रुग्ण खातो पण अंगी लागत नाही, शौच तेलकट, तरंगणारं होतं; त्याला पाचक विकरांच्या कॅप्सुली लागतात, जेवणासोबत. तो सिद्ध उपचार आहे. वजन टिकलं तर केमो झेपते. घरचं ताज्या दह्याचं ताक चालेल का, हेही तिथेच विचारावं. त्यात संकोच कसला? तंबाखू आणि मिश्री तर आजच सुटली पाहिजे. तंबाखू या कॅन्सरचं ठाऊक असलेलं कारण आहे, आणि हिरड्या सडवणाऱ्या एका जिवाणूचा वावर ज्यांच्या तोंडात होता त्यांच्यात हा कॅन्सर जास्त आढळल्याचं २०१८ साली अमेरिकेत दिसलं.

जिवाणू वापरून स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर माणसांत प्रयत्न झालेले नाहीत असं नाही. कुष्ठ आणि क्षयाच्या जंतूंच्या नात्यातला, उष्णतेनं मारलेला एक मायकोबॅक्टेरियम युरोपातल्या ११० रुग्णांच्या चाचणीत केमोसोबत टोचला गेला. २०१६ साली आलेल्या निकालात एकूण फरक थोडाच होता, ६.७ विरुद्ध ५.६ महिने, रोग पसरलेल्यांमध्ये मात्र ७ विरुद्ध ४.४. बाल्टिमोरमध्ये दुबळा केलेला लिस्टेरिया वापरून केलेली लसही आधीच्या लहान चाचणीत आशादायक वाटली, मोठ्या चाचणीत ती केमोपुढे टिकली नाही. हे आकडे वाचताना आयसीआरसी बॅसिलस आठवतो. त्या जिवाणूलाही पहिल्या बाटलीपासून ६५.५ टक्क्यांच्या आकड्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली होती.

मोजून केलं तर काय होतं, याचं भारतातलंच उदाहरण ओडिशाच्या खेड्यांतलं आहे. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं घालवून शेकडो जातींतून लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमची एक जात निवडली, जी बाळाच्या आतड्यात टिकते. ४,५५६ नवजात बाळांना ती किंवा निष्क्रिय पूड, तीही फक्त सात दिवस, दिली. २०१७ साली निकाल आला: जंतुदोष आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर.

आता तळवलीकडे परत. घणसोलीहून पनवेल गाडी पकडली की खारघर येतं, आणि तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं प्रगत संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, आहे. खानोलकर-रणदिव्यांच्या संस्थेचाच वारसा. परळला डॉ. शैलेश श्रीखंड्यांसारखे शल्यविशारद स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं करत आले आहेत. पुण्यात जिवाणूंची राष्ट्रीय पेढी आहे. पुण्याच्या गटानं २०१६ साली दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा यांचं प्राबल्य आहे; धान्य-डाळी-भाज्यांवर पोसलेलं हे पोट अमेरिकी पोटापेक्षा वेगळं आहे. मग ह्यूस्टनच्या विष्ठेवरून निघालेला नियम आपल्या रुग्णाला लागू पडेलच असं कुठे आहे? आपल्याकडे शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक रुग्णाकडून, त्याच्या संमतीनं, उपचाराआधी आणि नंतर विष्ठेचा नमुना घेऊन गोठवून ठेवणं हा केमोच्या फायलीतला नेहमीचा रकाना व्हावा, अशी माझी मागणी आहे. त्याच्यासमोर जेवणाची नोंद, प्रतिजैविकांची नोंद, घरून चालू असलेल्या कुप्यांची नोंद. पाच वर्षांनी जो जगला त्याचा नमुना बाहेर काढता येईल.

आणि निरोगी माणसांचेही नमुने हवेत, तेही लवकर. २०१२ साली पुण्याच्याच संशोधकांनी एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांची विष्ठा तपासली: एकच चूल, एकच पाणी, तरी आजोबा, मुलगा आणि नातवाच्या पोटातल्या जिवाणूंचं प्रमाण वेगवेगळं. तळवली, गोठिवली, घणसोलीच्या गावठाणांत आज सत्तरी-ऐंशीत असलेली माणसं खाचरातला तांदूळ आणि खाडीची मासळी खाऊन वाढली. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७०मध्ये. खाचरं गेली, मिठागरं गेली, कारखान्यांच्या पाण्यानं खाडी नासली. त्यांची नातवंडं त्याच घरात पाकिटातलं खातात आणि तापाला प्रतिजैविक घेतात. त्या म्हाताऱ्या माणसांच्या आतड्यात जे टिकून आहे ते त्यांच्यासोबत जाईल. गावठाणात एखाद्या सकाळी आरोग्य शिबिर लागतं, रक्तदाब आणि साखर तपासून कागद हातात देतात. त्याच टेबलावर झाकणाच्या पन्नास डब्या आणि बर्फाची एक पेटी ठेवायला किती खर्च येईल?